चाकणला थांबलो तेव्हा

२ मे १९९९
वजन ९१.८००. अजून आठशे ग्रॅम उतरवायचेत. हेवीवेट म्हणजे एक्क्याण्णवच्या आत. वर गेलं की वरचा गट, आणि त्या गटात एकेक माणूस म्हणजे दार. बॉक्सिंगची जिल्हा निवड चाचणी सोळाला, पुण्यात.
सकाळी अंगाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून पळालो. येडगाव धरणापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत, दोन वेळा. घाम लई. आई म्हणाली, "लोकं पोटाला मिळावं म्हणून राबत्यात, अन तू उपाशी राहायला राबतोस." भाकरी अर्धी. ताक.
वजन, पळणं, खाणं रोज वहीत लिहायचं हे सरांचं फर्मान. बाकीचं मीच लिहितो. ते सर वाचत नाहीत.

५ मे
९१.५००. मंचरला सराव. कांद्याच्या रिकाम्या वखारीत चार खांब आणि दोर, हीच आमची रिंग. पाऊस असो ऊन असो, वास कांद्याचा. सर फौजेत होते, तिथंच बॉक्सिंग शिकले, रिटायर होऊन मंचरला आले. तीन वर्षांपूर्वी वडलांबरोबर, आण्णांबरोबर, मार्केटला कांदा घेऊन आलो होतो. ट्रॉलीचं चाक गटारात गेलं, मी खांदा लावून काढलं. सर पलीकडं चहा पीत उभे होते. आधी वजन विचारलं, मग नाव.
जिल्ह्यात या वजनाचे आम्ही दोघंच, मी आणि पारस. दोघंही याच वखारीतले. त्यामुळं फायनल कायम घरातली. आठ वेळा लढलो. तो पाच, मी तीन. सकाळी एकमेकांच्या चुका सांगायच्या आणि चाचणीला त्याच चुकांवर मारायचं.
राज्याला एकच जाणार.

१० मे
९१.२००. सरावानंतर पारसच्या घरी. पेठेत धान्याचं दुकान, वर घर. जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवण. त्याच्या आईला, काकूंना, वाटतं आम्ही व्यायामशाळेत वजनं उचलतो. काका सगळं जाणून आहेत पण बोलत नाहीत.
काकू म्हणाल्या, "रोहिदास, याच्या गालाला काय झालं?"
पारस म्हणाला, "दार लागलं."
"रोजच दार लागतं?"
मी ताटात बघितलं. ते दार मीच.
अंड्याशिवाय हेवीवेट होत नाही असं सर म्हणायचे. पारस दूध-शेंगदाण्यावर झाला.
बाहेर पडताना म्हणाला, "तुला राज्याचं मेडल पाहिजे, पोलिसात लागशील. मला कशाला पाहिजे सांग बरं?" मी म्हटलं, मग सोड. म्हणाला, "सोडणार नाय." हसला. मीपण.

१५ मे
९०.९००. पाणीसुद्धा घोट घोट. उद्या.

१७ मे
काल लिहिलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.
लढत दुपारी दोनला. दुसऱ्या राउंडला माझा उजवा त्याच्या कानाच्या वर बसला. हेडगार्ड होतं. तो खाली बसला, पडला नाही, जसं माणूस ओट्यावर बसतं तसा. रेफ्रीनं आठ मोजले, डोळे बघितले, ग्लोव्हज पुसले. चालू. त्यानंतर उरलेल्या वेळात पारसनं मला नाचवलं. जॅब, सरक, जॅब. हात त्याचा वर गेला. सरांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला मिठी मारली.
बाकीचे एस.टी.नं गेले. जीपमध्ये ड्रायव्हर, पुढं सर, मागं आम्ही दोघं. चाकणला चहाला थांबलो. पारस टपरीच्या मागं गेला. वेळ लागला म्हणून बघायला गेलो तर ओकत होता. भिंतीला हात लावून.
"डोकं लई ठणकतंय."
"सरांना सांगू?"
"नको. डॉक्टरकडं नेतील. विश्रांती लिहून देतील, राज्य हातचं जाईल. झोपलो की बरं वाटंल. सांगू नको."
नाही सांगितलं. चहा प्यायलो. त्याचाही मीच प्यायलो.
खेडच्या पुढं तो झोपला. डोकं माझ्या खांद्यावर. घोरायला लागला. पारस घोरत नाही, हे मला माहीत आहे. तीन वर्षं स्पर्धांना एका सतरंजीवर झोपलोय.
मंचरला उठवलं तर उठेना. सरांनी पापणी वर केली. एक बाहुली मोठी, एक बारीक. सर ड्रायव्हरला म्हणाले, वळव. एवढंच. त्याच रस्त्यानं माघारी. चाकणची टपरी पुन्हा लागली.
डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. शुद्ध नाही.
सकाळी काका दवाखान्याच्या जिन्यात भेटले. शर्ट उलटा घातला होता. "गाडीत काही बोलला का रे तो? काही दुखतंय वगैरे?"
मी म्हणालो, "नाही काका. झोपला होता."

१९ मे
सरांनी पण विचारलं. "चाकणला काय म्हणाला का?"
"नाही सर."
दुसऱ्यांदा सोपं गेलं.

२३ मे
पारसनं डोळे उघडले. काकूंना ओळखलं. माझ्याकडं बघितलं, पण पंख्याकडं बघावं तसं. डावा हात, डावा पाय हलत नाही. बोलणं नाही.
काकूंनी मला विचारलं, "मारामारी करायचा तुम्ही? एकमेकांना?" त्यांना हे दवाखान्यात कळलं. मी मान हलवली. त्या आत गेल्या.
बसमध्ये उजव्या हाताची बोटं मोजली. काही वाटत नाही. रडू येईल असं वाटलं होतं. नारायणगाव आलं, उतरलो.

२८ मे
पत्र आलं. पारसच्या जागी राज्याला माझं नाव. आण्णांनी देवापाशी ठेवलं. आई म्हणाली, "त्या पोराचं असं झालं अन आपण..." आणि वाक्य तिथंच टाकून भाकरी उलथली.
वजन केलं नाही.

३० मे
का नाही सांगितलं?
एक, त्यानं नको म्हटलं. दोन, सांगितलं असतं तर तो बाद, मी आत. सर म्हणाले असते, हरलेला पोरगा जागेसाठी चहाड्या करतोय. तीन आहे, ते लिहीत नाही.

६ जून
९०.२००. न कमावता उतरलं. सराव एकट्यानं. या वजनाचं समोर कोणी नाही. सरांनी हातात पॅड घातले पण मध्येच काढले. "बस झालं आज." वखारीत अर्धे लोक यायचे बंद झालेत. घरचे सोडत नाहीत.

१६ जून
राज्य स्पर्धा. आगगाडीनं एक दिवस, एक रात्र. या गटात सगळे मिळून चार. उपांत्य फेरीतला माझा माणूस वजनात बसला नाही, सहाशे ग्रॅम जास्त. मला पुढे चाल. म्हणजे एक ठोसा न मारता रुपेरी पदक पक्कं.
तो बिचारा तराजूजवळ चड्डी काढून पुन्हा उभा राहिला. तरी तेवढंच.

१७ जून
फायनल हरलो. सर कोपऱ्यात म्हणाले, "उजवा कुठाय?"
"येत नाही सर."
"येत नाही की मारत नाहीस?"
पाणी थुंकलो. पुढच्या राउंडलाही डाव्यानंच. समोरच्यानं नाक फोडलं. रक्ताची चव आली तेव्हा बरं वाटलं थोडा वेळ.
सर परतीला खिडकीशी बसले. 

१९ जून
गावात गुलाल. ट्रॅक्टरवर बसवलं. आण्णा फेटा बांधून पुढं. कोणीतरी विचारलं, "पैलवान, फायनलला किती मारल्या?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. ओझरला नेलं, गणपतीपुढं पदक ठेवून नारळ फोडला. हात जोडले. काय मागायचं ते आठवेना.

८ जुलै
पारस घरी आला. बघायला गेलो. खाटेवर बसला होता, डोक्याचे केस काढलेले, टाक्यांची रेघ. मला ओळखलं. "रो-हि." दोन तुकडे करून.
मग बराच वेळ तोंड जुळवत राहिला. "मी जिंकलो ना?"
"हो."
"पॉइंटवर?"
"पॉइंटवर."
खूश झाला. त्याला तो दिवस आठवत नाही. सकाळची जीप आठवते, मग दवाखाना. मधलं कोरं.
काका म्हणाले, डॉक्टरांनी रोज चालवायला सांगितलंय. त्यांना आणि नोकराला मिळून तो पेलत नाही, नव्वद किलोचा माणूस. मी म्हणालो, मी येतो.

९ जुलै ते २० जुलै
रोज चारची बस, मंचर. त्याचा डावा हात माझ्या मानेवर, माझा उजवा त्याच्या कमरेला. दुकानापासून वेशीपर्यंत. पहिल्या दिवशी सतरा पावलं. वीस तारखेला वेस. लोक वाट देतात. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ भाऊ दिसत्यात."
रोज एकदा विचारतो, जिंकलो ना. रोज हो म्हणतो.

२ ऑगस्ट
पाऊस. छत्री पारसच्या उजव्या हातात, पावलं माझ्याकडं. काकू आता जेवायला वाढतात. बोलत नाहीत, पण भाजी संपली की पुन्हा येते.

११ ऑगस्ट
पोलीस भरतीची मैदानी चाचणी दिली. खेळाडूंच्या जागा वेगळ्या. साहेबांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, "बॉक्सर का, शाब्बास," म्हणाले. छाती मोजली. सगळं होत गेलं. मी तिथं होतो.

२९ ऑगस्ट
सरांकडं गेलो. वखारीला कुलूप. घरी गेलो तर बाई, सरांच्या पत्नी, म्हणाल्या, आठ दिवस झाले, बाहेर पडत नाहीत. सर पलंगावर बसून होते. दाढी वाढलेली. फौजेतल्या माणसाची दाढी मी पहिल्यांदा बघितली.
"मी पुढं बसलो होतो रोहिदास. मागं वळून एकदा बघितलं असतं. तीस वर्षं मी पोरांचे डोळे बघत आलो आणि त्या दिवशी रस्ता बघत बसलो."
मी समोर बसलो होतो. चप्पल काढलेली, पायाचा अंगठा फरशीवर. सांगायचं तर तेव्हाच. बाईंनी चहा आणला. प्यायलो आणि उठलो.

३० ऑगस्ट
ते तिसरं कारण लिहितो. चाकणला माझ्या मनात आलं, उद्या हा आजारी पडला तर जागा आपोआप माझी. मला तोंड उघडायला नको. एवढंच आलं आणि गेलं, चहा गार व्हायच्या आत. मरेल, लुळा पडेल असलं काही नव्हतं. ताप येईल असं वाटलं होतं.

१५ सप्टेंबर
घरात गणपती. दुपारी काका आले. बसनं, एकटे, पहिल्यांदाच आमच्याकडं. पांढरे कपडे. आईची धांदल उडाली, चहा चालेल का, पाणी कसलं. ते ओसरीवर उभेच राहिले, हात जोडले. त्यांचं पर्युषण काल संपलं. संपताना सगळ्यांची क्षमा मागायची अशी रीत आहे, तोंडानं, समोर जाऊन.
"मिच्छामि दुक्कडम. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं काही दुखावलं असेल तर माफ करा."
आण्णा गडबडले. "अवो शेठ, तुमी काय माफी मागताय? आमच्या पोराच्या हातनं झालं."
"खेळात लागलं. त्याला कोण काय करणार." मग माझ्याकडं वळले. "तुझ्याबद्दल मी मनात वाईट आणलं होतं, रोहिदास. दवाखान्यात, चार-पाच दिवस. तुझा हात झडावा असं म्हणालो होतो. तू रोज माझ्या पोराला चालवतोस. ते मनातून काढायला आलो."
समोरच्यानंही तसंच म्हणायचं असतं. म्हणालो. शब्द नीट आले नाहीत, त्यांनी दुरुस्त केले. कशाची क्षमा ते मी सांगितलं नाही, आणि त्या रीतीत ते विचारायचं नसतं.
आईनं मोदक बांधून दिले. पाच.

१६ सप्टेंबर
गेलो नाही मंचरला. अंगात कणकण आहे असं आईला सांगितलं. नव्हती.

१७ सप्टेंबर
गेलो. पारस म्हणाला, "काल?" मी म्हटलं, बस चुकली.

२० ऑक्टोबर
काठीनं चालतो आता. तरी मला धरून. बाजारात थांबून एकाशी बोलला, पुरं वाक्य. "माझं बरं चाललंय." दुकानात बसतो, उजव्या हातानं वजनं ठेवतो तराजूत. दोन किलोचं उचलताना मला डोळा मारतो.
विचारलं, "सर का नाय येत?"
"बरं नाही त्यांना."
"काय झालं?"
तुझ्यामुळं असं म्हणायचं? माझ्यामुळं असं म्हणायचं?

१२ नोव्हेंबर
पोलिसातला हुकूम आला. डिसेंबरात ट्रेनिंगला हजर व्हायचं. आण्णांनी पेढे वाटले. आईनं मला जवळ घेतलं तर तिचं डोकं माझ्या बरगडीला लागलं, मग आठवलं मी केवढा आहे. ती म्हणाली, "बोलत का न्हाईस रे तू अलीकडं?" म्हटलं, बोलतो की.

१८ नोव्हेंबर
सरांना पेढे द्यायला. त्यांनी एक घेतला, हातात धरून ठेवला. म्हणाले, वखार सोडली, मालकाला किल्ली दिली. ग्लोव्हज पाहिजेत का विचारलं. नको म्हटलं.
"तू तरी लागलास," म्हणाले. "एकाचं तरी बरं झालं माझ्या हातनं."
जिना उतरलो. परत चढलो. दारापर्यंत गेलो. आत ते एकटेच मोठ्यानं आकडे मोजत होते, एक ते आठ. पुन्हा एक ते आठ. उतरलो.
आधी काकांना. मग सरांना. काकांना सांगितल्याशिवाय सरांना सांगणं म्हणजे परत चोरीच.

२१ नोव्हेंबर
सांगितलं.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका रिकाम्या गोण्यांच्या घड्या घालत होते. नोकर जेवायला गेलेला. मी उभ्यानंच बोललो. चाकण, टपरीमागं ओकला, डोकं दुखतंय म्हणाला, सांगू नको म्हणाला, मी सांगितलं नाही. तुम्ही जिन्यात विचारलं तेव्हा खोटं बोललो. सर पुढं होते, त्यांना काही माहीत नव्हतं. जागा मला मिळेल हे मनात आलं होतं, तेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं.
काकांनी हातातली घडी पुरी केली. गोण्यांवर ठेवली.
"किती वाजले होते?"
"साडेचार. पावणेपाच."
"चाकणहून पुणं तासाभरावर."
"हो."
"आणि तुम्ही मंचरला आणलंत. मग परत नेलंत."
"हो काका."
डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते तेव्हा कळलं. दोन तास आधी आणला असता तर हात वाचला असता, असं म्हणाले होते डॉक्टर. काकांना वाटलं होतं, दोन तास आधी कळणार कसं. सहा महिने ते स्वतःला हेच समजावत होते. हे त्यांनी मला फार हळू सांगितलं, धान्याकडं बघत. आवाज चढला असता तर बरं झालं असतं.
मग पुढची गोणी घेतली. तिची घडी जमेना. दोनदा सोडली.
वरून पारसची हाक आली, रोहि आला का.
काका म्हणाले, "त्याला फिरवून आण. दिवस मावळायच्या आत."
नेलं. वेशीपर्यंत, पुढं हायवेपर्यंत, आजवर एवढं गेलो नव्हतो. कांद्याचे ट्रक जात होते. पारस काठी टेकून बघत उभा राहिला. म्हणाला, "जिंकलो ना मी?"
म्हटलं, "हो. जिंकलास. पण चाकणला तू मला एक सांगितलं होतंस." आणि त्यालाही सांगितलं. त्यानं ऐकलं. किती पोचलं माहीत नाही. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मीच म्हणालो? सांगू नको?"
"हो."
"मग?"
त्याला काय विचारायचं होतं, पुढचे शब्द आले नाहीत. येताना डावा हात माझ्या मानेवर घेऊ दिला नाही. काठीनं आला. मी एक पाऊल मागून, पडला तर धरायला.
परत आलो तर दुकानाची फळी अर्धी लावलेली. काका दिसले नाहीत. काकू खाली आल्या होत्या. त्यांनी पारसचा हात धरला, आत नेलं. जेवायला थांब म्हणाल्या नाहीत.
मी विचारलं, "उद्या येऊ ना?"
जिन्यावर थांबल्या. वळल्या नाहीत. "यांना विचारते."

२२ नोव्हेंबर
सकाळी सरांकडं जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं बोलणं होईपर्यंत. शेवटी म्हणाले, "बरं. जा आता." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की घालवून दिलं, कळलं नाही. जिना उतरताना ऐकलं, बाईंकडं दाढीला पाणी मागत होते.
पेठेतून निरोप नाही. या म्हणून नाही, येऊ नको म्हणूनही नाही. ट्रेनिंगला नऊ दिवस.
आता साडेतीन वाजलेत. चारची बस येडगाव फाट्यावर पाच-दहा मिनिटं उशिरा येते. शर्ट बदललाय. आई विचारतीय, कुठं.
मंचरला, म्हटलं.